एकोणीस कमी

आमचा नियम साधा आहे: शेवटच्याच्या मागे एकजण.
आज ती एकजण मी.
शेवटचा एउसेबिओ, वय सदुसष्ट,
त्रेलेऊ गावात एकतीस वर्षं
लोकांच्या दारातले पाण्याचे मीटर वाचलेला.

या त्र्याहत्तर किलोमीटरांना इथे सगळे शापित म्हणतात.
डांबर काल संध्याकाळीच संपलं.
आता मुठीएवढी खडी, पुढे आणखी खडी,
आणि वारा,
जो पहाटे तंबूच्या दोऱ्या नुसत्या वाजवून बघत होता.

बाकीचे नऊजण नवाच्या सुमारास
धुळीत ठिपके झाले, मग ठिपकेही नाहीत.
फाब्रिसिओ जाता जाता ओरडून काही सांगत होता;
वाऱ्याने त्यातलं क्रियापद तेवढं नेलं.

"सहा पूर्णांक चार," एउसेबिओ म्हणतो.
हँडलवरचा आकडा तो मोठ्याने वाचतो,
सवय जात नाही.
"पाच पूर्णांक नऊ."
मी विचारलेलं नसतं.
"अजून पाच पूर्णांक नऊ."
आईचं बोट धरून बाजारात निघालेलं पोर
याहून भरभर जातं.

कुंपणाच्या तारेत अडकून वाळलेला एक ग्वानाको,
मागचे पाय अजून उडीच्या तयारीत.
आम्ही दोघंही त्याच्याकडे बघितलं नाही असं केलं.

आडव्या झोताने मला दोनदा चरात पाडलं.
दुसऱ्यांदा उठायची घाई केली नाही.
खाली वारा कमी होता.
एक काळा किडा माझ्या हातमोज्यावरून
आपल्या कामाला निघाला होता.
वर रस्त्यावर एउसेबिओ सायकल धरून उभा,
तोंड दुसरीकडे,
म्हातारी माणसं दाराबाहेर थांबतात तसा.

खरं सांगते, दुपारपासून मी त्याच्या वाईटावर होते.
त्याची साखळी तुटावी.
गुडघा धरावा.
फार मोठं काही नको,
एवढंच, की त्याने म्हणावं: पुरे.
कारण तो थांबल्याशिवाय मला थांबता येत नाही.
पण तो म्हणायचा, पाच पूर्णांक दोन.
आणि मी मागून, दात आवळून,
त्याच्या पाठीवरच्या घामाच्या नकाशात
एखादा देश तरी खचेल म्हणून बघत राहायचे.

पाचला मिर्ताचा ट्रक उलटा फिरून आला.
काच चार बोटं खाली.
"नेलिदा, येताय का दोघं?"
मी एउसेबिओकडे बघितलं.
तो माझ्याकडे.
"हिला घे," तो म्हणाला, "दमली आहे.
मी दोन वाजल्यापासून हिच्यासाठीच ओढतोय.
मी थांबलो असतो तर
हिला थांबावं लागलं असतं ना."

आधी मिर्ता हसली.
मला हसू उशिरा आलं, दातांखाली वाळू होती.

सायकली मागे कांद्याच्या पोत्यांवर आडव्या टाकल्या.
वाऱ्याने त्यांची चाकं आपोआप फिरायला लागली,
दिवसभरात फिरली नव्हती इतकी जोरात.
एउसेबिओने ट्रकचा काटा बघितला.
"साठ," तो हळूच म्हणाला,
आणि पुढे मुक्कामापर्यंत काही वाचलं नाही.

रात्री मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये
आमच्यासाठी सूप झाकून ठेवलेलं होतं.
नऊजणांपैकी कोणी काही बोललं नाही.
न बोलण्याच्याही तऱ्हा असतात; ही त्यातली बरी होती,
तरी सूप मी भिंतीकडे तोंड करून प्याले.
मिर्ताने वहीत आमच्या नावांपुढे लिहिलं:
एकोणीस कमी.
फाब्रिसिओने ते वाचलं, आणि
स्वतःच्या टाचेवरचा फोड दाबत बसला.

अकराच्या पुढे वारा पडला.
कमी होत होत नाही, एकदम,
कोणी पिन काढून घ्यावी तसा.
पत्रे गप्प.
मग कोणालाच झोप येईना.
अकरा माणसं डोळे उघडे ठेवून पडलेली,
कानात दिवसभराचा उरलेला आवाज.

अंधारात कोपऱ्यातून एउसेबिओ म्हणाला,
"शून्य पूर्णांक शून्य."

कोणीतरी त्याला मोजा फेकून मारला.